रेग्युलेटरखालचा रंग

चौकात गाडी थांबली आणि शेजारच्या स्कूटरवरचा माणूस हेल्मेटची काच वर करून नुसता बघत राहिला, तेव्हा मागच्या सीटवर बसलेल्या रंगमास्तरांनी मान दुसरीकडे वळवली. कौतुक होत असताना तिकडे बघायचं नसतं, असा त्यांचा दंडक होता. आपण बघितलं की कौतुक करणारा ओशाळतो आणि नजर काढून घेतो. न बघितलं तर बिचारा मनसोक्त बघतो. म्हणून मास्तर समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या न्याहाळत बसले आणि पाठीनं, कानांनी, मानेवरच्या केसांनी त्या माणसाचं बघणं भोगत राहिले. गाडीचा रंग निळा होता. सावलीत काळा वाटावा आणि उन्हात आला की एकदम आपण निळे असल्याचं कबूल करावं, तसला. गाडी साधारण मास्तरांच्याच वयाची होती आणि मास्तरांच्या मते आता दोघांत तीच तरुण दिसत होती. चालवत होत्या मालकीणबाई, निवृत्त न्यायाधीश. त्यांच्या शेजारी मास्तरांची धाकटी मुलगी, जिनं या गाडीतली वायर न् वायर नव्यानं ओढली होती. रंग बापाचा, वीज लेकीची. बाई सकाळी दुकानात आल्या आणि ‘बसा, तुम्हाला काहीतरी दाखवायचंय’ एवढंच म्हणाल्या, तेव्हा मास्तर सगळ्यात आधी जाऊन बसले होते. सिग्नल सुटला. पुढे पुलाखालचा अंधारा रस्ता होता. बाईंनी दिवे लावले, इंजिनाचा आवाज चढवला, आणि दिव्यांचा पिवळा उजेड बघता बघता पांढराफटक झाला. खालची भिंत झगझगली, ‘फट्’ असा बारीक आवाज आला आणि उजवीकडचा दिवा गेला. पाठोपाठ बोनेटकडून सडक्या अंड्याचा वास आला. मीटरचा काटा उजव्या टोकाला जाऊन असा चिकटला होता, जणू तिथेच राहायला आलाय.

बाईंनी पूल ओलांडून गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं. आवाज चढवणाऱ्या गिऱ्हाइकाला कसं हाताळायचं ते त्यांना पाठ होतं. ‘‘हे गेल्या आठवड्यापासून चाललंय,’’ बाई म्हणाल्या. ‘‘दोन दिवे गेले, बॅटरी उकळतेय. वाटेत एका इलेक्ट्रिशियनला दाखवली. तो म्हणाला, वायरिंगच मुळात चुकलंय, सगळं उपसून परत करायला हवं. कुणी केलं म्हणून विचारलं. मी सांगितलं, तर हसला.’’ धाकटीनं वाकून मीटरची काच अंगठ्यानं पुसली. ‘‘मी नाही हसले,’’ बाई पुढे म्हणाल्या, ‘‘पण शनिवारी मैदानावर सगळ्या जुन्या गाड्या जमणार आहेत. गाडी तिथे न्यायचीय मला. संध्याकाळी येते. तोवर कारण सापडलं तर उत्तम, नाहीतर मी ती त्याच्याकडे टाकते.’’ म्हणजे धाकटीनं चार महिने खपून जे बसवलं ते तो हसणारा माणूस उपसून काढणार, आणि मैदानावर जमणाऱ्या झाडून सगळ्या मालकांना ते कळणार. जुन्या गाड्यांची माणसं मूठभर, पण त्यांच्या जिभा लांब. एकदा का बोभाटा झाला, की धाकटीकडे कुणी टॉर्चसुद्धा दुरुस्तीला देणार नाही, हे मास्तरांना गाडीत बसल्या बसल्या स्वच्छ दिसलं.

दुकान म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड. अर्ध्यात मास्तरांचे डबे, स्प्रेगन, पॉलिशपेपरच्या थप्प्या आणि थिनरचा वास. उरलेल्या अर्ध्यात धाकटीचं टेबल, वायरांची भेंडोळी आणि सोल्डरचा धूर. मध्ये जाड प्लॅस्टिकचा पडदा, कारण धाकटीची धूळ मास्तरांच्या ओल्या रंगावर बसायची आणि मास्तरांचा फवारा धाकटीच्या चहात उतरायचा. दारावरच्या पाटीवर फक्त मास्तरांचं नाव होतं. थोरली मुलगी कचेरीत लागली तेव्हा मास्तरांनी सगळ्यांना सांगितलं होतं. धाकटीनं गाड्यांच्या विजेचं शिक्षण घेतलं आणि ती इथेच येऊन बसली, ते मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, ‘असते माझ्या मदतीला.’ यात खोटं काही नव्हतं, पण खरंही फारसं नव्हतं. त्यांच्या बायकोनं एकदा जेवताना सुनावलं होतं, ‘‘तुम्ही पत्र्यावरून हात फिरवून दिवसभर वा वा करता. पोरीला एकदा म्हटलंत का?’’ मास्तर म्हणाले होते, ‘‘तिला माहीत आहे.’’ ‘‘कुणी सांगितलं तिला? पत्र्यानं?’’ बायको म्हणाली होती, आणि मास्तरांनी पाणी मागून घेतलं होतं. पण त्यांनी बघितलं होतं. डॅशबोर्डच्या पाठीमागे, जिथे माणसाची मान वळत नाही, तिथे धाकटीनं वायरांची जुडी दोऱ्यानं बांधली होती. प्रत्येक गाठ एका रेषेत, प्रत्येक टोकाला चिठ्ठी. कुणी बघणार नव्हतं. ती नसताना मास्तरांनी आडवं होऊन टॉर्च मारून ते बघितलं होतं आणि तिथेच पाठीवर पडून कितीतरी वेळ राहिले होते. आपलं आहे हे, असं त्यांना वाटलं होतं. आपण जिथे नजर पोचत नाही तिथेही रंग चढवतो, प्रत्येक सुटा भाग काढून त्याच्या खालीसुद्धा. आणि पोरीनं ते न शिकवता उचललं. हे तिला सांगायचं ठरवून ते उठले होते, आणि ती आल्यावर म्हणाले होते, ‘‘बल्ब आणलेस का?’’

बाई गाडी दुकानात सोडून गेल्या होत्या आणि आता धाकटी बोनेट उघडून उभी होती. केस मागे बांधलेले, ओठ आवळलेले. मास्तर पडद्याच्या या बाजूला एक दरवाजा घासत होते. खरं तर घासलेलाच दरवाजा परत घासत होते. तिनं आधी बॅटरी बदलून बघितली. इंजिन चालू केलं, मीटरचे दोन चिमटे लावले आणि जोर दिला. ‘‘साडेसोळा,’’ ती स्वतःशीच म्हणाली. चौदा व्होल्टच्या आसपास पाहिजे, एवढं मास्तरांनाही कळत होतं. म्हणजे डायनॅमो बॅटरीत वीज नुसती कोंबत होता. ‘‘बाबा, जरा इकडे येता? मी वायर सोडवते, तुम्ही काट्याकडे बघा.’’ ते गेले. ती समजावून सांगू लागली. दोघंच असली की ती अशी बोलत असे, हे त्यांच्या ध्यानात होतं. डायनॅमोला ताकद देणारी एक बारीक वायर रेग्युलेटरकडून जाते. तीच सोडवली, तर डायनॅमोनं मान टाकायला हवी. टाकली नाही, तर अर्थ असा की जुडीच्या आत दोन वायरी एकमेकींना टेकल्यात आणि डायनॅमोला परस्पर खायला मिळतंय. ‘‘म्हणजे?’’ मास्तरांनी विचारलं. ‘‘म्हणजे तो हसला ते बरोबर होतं,’’ धाकटी म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. तिनं पेच सैल केला. मास्तर सीटवर वाकून काट्याकडे बघत होते आणि त्यांचं काळीज अंगठ्याएवढं झालं होतं. पोर लहान असताना तापात होती, तेव्हा असेच ते थर्मामीटरचा पारा बघत बसले होते. ‘‘काढली!’’ ती म्हणाली. काटा थरथरला, निघाला आणि सरळ खाली येऊन पडला. ‘‘पडला!’’ मास्तर एवढ्यानं ओरडले की रस्त्यावरचं कुत्रं उठून उभं राहिलं. ‘‘पडला गं! तुझ्या वायरी बावनकशी आहेत!’’ धाकटी चकित होऊन बघत राहिली आणि मग हसली, लहान होती तेव्हासारखी, नाकाला सुरकुत्या पाडून. मास्तरांना वाटलं आता सांगावं, डॅशबोर्डच्या मागचं सगळं सांगावं. पण ती वळली होती. ‘‘मग रेग्युलेटर,’’ ती म्हणाली, आणि तिच्याकडे असलेला दुसरा रेग्युलेटर आणायला गेली. मास्तर पडद्यापलीकडे गेले आणि फटीतून तिच्याकडे बघत परत दरवाजा घासू लागले.

रेग्युलेटर म्हणजे इंजिनामागच्या उभ्या पत्र्यावर बसवलेला एक काळा डबा. डायनॅमोला ‘आता पुरे’ म्हणायचं, एवढंच त्याचं काम. तिनं दुसरा डबा नुसता वायरींना जोडला आणि तो पत्र्याला न लावता हातात धरून बघितलं; काटा उजवीकडे. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं त्या डब्याची कड इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवली. काटा मध्यावर आला. उचलली, उजवीकडे. टेकवली, मध्यावर. ‘‘अर्थिंग,’’ ती पुटपुटली. ‘‘त्याचे पाय गाडीच्या लोखंडाला लागायला हवेत, बाबा. नाही लागले तर त्याला बॅटरी उपाशीच वाटत राहते. पण मी तर...’’ ती थांबली. आणि त्या ‘पण मी तर’पाशी मास्तरांच्या हातातला पॉलिशपेपर थांबला. त्यांना कळलं. कुणी न सांगता, एका क्षणात कळलं.

गाडी द्यायच्या आदल्या दिवशी धाकटी बल्ब आणायला गेली होती. मास्तर शेवटचा हात फिरवत होते, आणि त्यांना त्या डब्याच्या पायाशी एक ओरखडा दिसला. नखाएवढा. पेचकस घसरला असेल. दुसऱ्या कुणाला तो दिसलाही नसता, पण मास्तरांना मग दुसरं काही दिसेना. त्यांनी डबा सोडवला, आणि खाली बघतात तर चार ठिकाणी रंग खरवडून उघडं लोखंड काढलेलं. त्यांच्या रंगाचे सगळे थर, अस्तरासकट! पोरीनं घाई केली, असं त्यांना वाटलं. राग आला, आणि रागाबरोबर मायाही आली. आपल्या लेकराच्या हातून सांडलेलं लवंडलेलं आपणच पुसायचं, दुसऱ्याला दिसायच्या आत, तशी. त्यांनी आत पुट्टी भरली, अस्तर मारलं, रंग चढवला, दिव्याखाली वाळवला, परत चढवला. पेचांच्या भोकांतसुद्धा बारीक ब्रश फिरवला. पेचांची डोकी निळी केली. वॉशर जुने, दातेरी होते, ते फेकून गुळगुळीत घातले. मग डबा जागच्या जागी बसवला आणि दोन पावलं मागे होऊन बघितलं, तेव्हा त्यांना इतकं समाधान वाटलं होतं, की घरी जाताना त्यांनी विनाकारण फुलं नेली होती. धाकटीला बोलले नाहीत. उगाच ओशाळेल, म्हणून. तिची चूक झाकली आपण, आणि कधी बोलून दाखवणार नाही, असा एक छोटासा मोठेपणा ते गेले महिनाभर मनात घेऊन हिंडत होते. आणि ती चूक नव्हतीच. ते तिचं कामच होतं. दातेरी वॉशर लोखंडात रुतावेत म्हणून, डब्याचे पाय टेकावेत म्हणून तिनं मोजूनमापून तेवढीच जागा उघडी केली होती, आणि बापानं ती लिंपून टाकली होती. हसणारा माणूस तिला हसला होता. बाई तिच्याकडे बघून बोलत होत्या. मास्तरांनी पडद्याकडे एक पाऊल टाकलं आणि मागे घेतलं. रंगाच्या बाबतीत आजवर त्यांना कुणाला ‘चुकलं’ म्हणावं लागलं नव्हतं, त्यामुळे तो शब्द कुठून काढतात तेच त्यांना ठाऊक नव्हतं.

पडद्याच्या फटीतून त्यांनी बघितलं. धाकटीनं पत्र्यावरचे निळे पेच बोटानं चाचपले. मग एकेक काढला, डबा उचलला आणि खाली बघत राहिली. खाली आरसा होता. मास्तरांचा रंग, एकही डाग नाही, एकही थेंब ओघळलेला नाही. वळून तिनं पडद्याकडे बघितलं नाही, हाक मारली नाही. पॉलिशपेपर तिच्या हाताशीच होता. घेऊन चार जागा घासल्या असत्या तर काम झालं असतं. तिनं तसं केलं नाही. डबा होता तसा परत लावला, टेबलावरून एक काळी वायर घेतली, दोन्ही टोकांना चकत्या जोडल्या, आणि एक टोक डब्याच्या पायाला, दुसरं लांब खाली इंजिनाला, पाइपाच्या मागून दिसणार नाही असं नेऊन आवळलं. रंगाला तिनं धक्का लावला नाही. मास्तरांना ते दिसलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते थिनरचं आहे असं त्यांनी स्वतःला सांगितलं. ‘‘बाबा, झालं,’’ तिनं मोठ्यानं सांगितलं. ‘‘एक अर्थ कमी होता.’’ ‘‘अस्सं,’’ मास्तर म्हणाले. एवढंच म्हणाले. मग दुपारभर दोघं पडद्याच्या दोन बाजूंना काम करत राहिली आणि मास्तरांना दुकान कधी नव्हे इतकं मोठं आणि रिकामं वाटलं.

बाई ऊन कलताना आल्या. गेलेला बल्ब तोवर बदलून झाला होता. धाकटीनं इंजिन चालू केलं, जोर दिला, दिवे लावले. दिवे शहाण्यासारखे पिवळे राहिले, काटा मध्यावर. बाई खूश झाल्या. ‘‘कारण काय निघालं?’’ त्यांनी विचारलं. धाकटी हात पुसत म्हणाली, ‘‘रेग्युलेटरला अर्थची वायर लागते. ती माझ्याकडून राहिली होती. आता घातलीय.’’ मास्तर दारात उभे होते. ते वाक्य त्यांच्या कानशिलावर बसलं. इतकं साधं बोलली ती. पेच कुठे ठेवला ते सांगावं तसं. बाईंनी चष्मा काढला. ‘‘राहिली होती,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मग पहिले तीन आठवडे गाडी नीट कशी चालली?’’ धाकटी हातातल्या चिंधीची घडी घालू लागली. उत्तर होतं, पण ते तिला द्यायचं नव्हतं. बाईंनी आयुष्यभर माणसांची अशी टाळाटाळ बघितली असणार. ‘‘वायर राहते म्हणजे आणखी काय काय राहिलं असेल?’’ त्या सावकाश म्हणाल्या. ‘‘वाईट वाटून घेऊ नकोस, पण एकदा त्या दुसऱ्या माणसाकडून सगळं तपासून घेते.’’ धाकटीनं मान हलवली. मान हलवताना तिची हनुवटी किंचित वर आली होती, आणि मास्तरांना आतून भडभडून आलं. वीस गाड्यांचं कौतुक एका पारड्यात टाकलं असतं तरी ती हनुवटी जड भरली असती. आपल्या रंगाचं नाव राहावं म्हणून ही पोर स्वतःचं नाव वाहत्या पाण्यात सोडून देते आहे, आणि ते करताना ताठ उभी आहे! कुणाची आहे ही? आपली आहे.

‘‘ती खोटं बोलतेय,’’ मास्तर म्हणाले. आवाज नको तेवढा मोठा निघाला. ‘‘बाबा...’’ ‘‘तू गप्प बस. बाई, हिच्याकडून काही राहिलं नव्हतं. हिनं डब्याखालचा रंग खरवडून लोखंड उघडं केलं होतं, तिथूनच अर्थ मिळायचा. मला वाटलं, हिनं खराब केलं. मी हिला न विचारता डबा काढला आणि खाली रंग मारला. भोकांत मारला. वॉशर फेकले. पेचाच्या आट्यांतून काय थोडंफार टेकत असेल त्यावर गाडी तीन आठवडे चालली. हादरे बसत गेले, तेही सुटलं.’’ एका दमात बोलून झालं आणि मग, का कोण जाणे, त्यांची छाती आपोआप पुढे आली. ‘‘आणि एक सांगतो. रंग असा बसलाय की वीजसुद्धा आरपार गेली नाही. दुसऱ्या कुणाचा असता तर गेली असती.’’ बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्या हसल्या. बराच वेळ, चष्मा हातात धरून. ‘‘मास्तर, मी पुष्कळ कबुलीजबाब ऐकले,’’ त्या म्हणाल्या, ‘‘कबुली देता देता स्वतःची पाठ थोपटणारा आरोपी पहिलाच.’’

मास्तरांनी पॉलिशपेपर घेतला, जाडा, रंग पाडायचा. पेच काढले, डबा बाजूला घेतला आणि वाकले. धाकटी जवळ आली. ‘‘राहू द्या, बाबा. वायर आहे ना आता.’’ ‘‘वायर असू दे. तुझं उघडं लोखंडही असू दे,’’ ते म्हणाले आणि त्यांनी घासायला सुरुवात केली. पहिल्या दोन हातांना जिवावर आलं. निळा गेला, करडं अस्तर आलं, अस्तर गेलं आणि खालून लोखंड वर आलं, कोवळं, पांढरं. आजवर त्यांनी लोखंड उघडं म्हणून सोडलं नव्हतं; उघडं लोखंड दिसलं की ते झाकायचं, एवढंच त्यांना येत होतं. आता ते त्यांना छान दिसलं. ‘‘एवढं पुरे?’’ त्यांनी विचारलं. धाकटीनं वाकून बघितलं. ‘‘डावीकडचा कोपरा अजून थोडा.’’ त्यांनी कोपरा घासला. ‘‘आता?’’ ‘‘आता बरोबर.’’ तिनं दातेरी वॉशर दिले, ग्रीसचा बारीक हात दिला, आणि मास्तरांनी पेच आवळले. आवळताना एकाचं डोकं खरचटलं, त्याकडे त्यांनी काणाडोळा केला. तिनं आपली काळी वायर सोडवून खिशात घातली आणि इंजिन चालू केलं. काटा निघाला, मध्यावर आला आणि थांबला. जोर दिला तरी हलेना. ‘‘सव्वाचौदा,’’ धाकटी म्हणाली. ‘‘तुझं डॅशबोर्डच्या मागचं काम मी आडवं पडून बघितलंय,’’ मास्तर इंजिनाच्या आवाजात म्हणाले. ‘‘गाठी बघितल्या. तसलं काम मी कुणाचं बघितलं नाही. माझंसुद्धा.’’ तिनं इंजिन बंद केलं नाही. ऐकू आलं की नाही हे मास्तरांना कळेना, आणि परत म्हणायची तर छाती नव्हती. पण ती एक पेच, मघाशीच पुरता आवळलेला, परत परत आवळत होती.

बाई गाडीत बसल्या. दार लावता लावता त्यांनी विचारलं, ‘‘शनिवारी मैदानावर लोक विचारणार. रंग तुमचा हे त्यांना लांबूनच कळतं. काम कुठे केलं, कुणाचं दुकान, म्हणून विचारलं तर काय सांगू? रंगमास्तरांचं, आणि त्यांची मुलगी मदतीला असते, असंच ना?’’ मास्तरांनी चिंधीनं हात पुसले. एक बोट पुसलं, मग दुसरं, मग तेच परत पुसलं. धाकटी जमिनीवरचे पाने-पेचकस गोळा करत होती. वाकलेली, पाठमोरी, काही न ऐकल्यासारखी.

‘‘तसं सांगू नका,’’ मास्तर म्हणाले. ‘‘दुकान हिचं आहे. गाड्यांची वीज बघते. मी हिच्याकडे रंगकामाला असतो.’’

बाईंनी मान डोलावली आणि गाडी काढली. रस्त्याला लागेपर्यंत दोघं तिच्या मागच्या लाल दिव्यांकडे बघत उभी राहिली. मग धाकटीनं पाने टेबलावर ठेवले, एकापुढे एक, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि मागे न वळता म्हणाली, ‘‘उद्या वेळेवर या कामाला. आणि माझ्या डब्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.’’

‘‘नाही लावणार, मालकीणबाई,’’ मास्तर म्हणाले.